कोलकात्याचे जुने गोरस्थान

कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटचे पश्चिम टोक चौरंगीला लागते आणि पूर्वेकडे हा रस्ता आचार्य जगदीशचंद्र बोस रस्त्याला छेदतो. या पूर्वेकडच्या चौकाजवळ, भिंतीआड, साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमी आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील सुमारे १,६०० कबरी इथे दाटीवाटीने उभ्या आहेत. ‘उभ्या’ म्हणायचे कारण असे की जमिनीलगतची साधी थडगी इथे कमीच; नजरेत भरतात ते पिरॅमिड, घुमट आणि निमुळते उंच स्तंभ.

शहराचा संस्थापक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्या जॉब चार्नॉकची कबर असलेली जुनी दफनभूमी भरून गेली, तेव्हा ही नवी जागा निवडण्यात आली. २५ ऑगस्ट १७६७ रोजी जॉन वुड नावाच्या कारकुनाच्या दफनाने ती वापरात आली. त्या काळी हा भाग गावकुसाबाहेरचा होता. मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी एक खूणही याच परिसरात आहे. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ साली कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला होता. हा ‘मराठा खंदक’ अर्धवटच राहिला. मराठे कोलकात्यावर आले नाहीत आणि १७९९ मध्ये खंदक बुजवायला घेऊन त्याच्या रेषेवर सर्क्युलर रोड बांधण्यात आला. आजचा बोस रस्ता तो हाच. दफनभूमीकडे येणाऱ्या वाटेला तेव्हा ‘बरिअल ग्राउंड रोड’ म्हणत. सरन्यायाधीश सर एलायजा इंपे यांच्या बंगल्याभोवतीच्या हरणांच्या उपवनावरून पुढे तिला पार्क स्ट्रीट हे नाव पडले.

थडग्यांवरची वये वाचत गेले की कंपनी सरकारच्या वैभवाची दुसरी बाजू दिसते. सोळा-सतराव्या वर्षी कारकून म्हणून आलेली मुले, विशीतल्या बाळंतिणी, तान्ही बाळे. दोन पावसाळे काढले की माणसाचे आयुष्य सरले, अशी म्हण सतराव्या शतकातल्या मुंबईच्या इंग्रजांत होती. कोलकात्याची हवा त्याहून बरी नव्हती. पटकी, हगवण आणि हिवताप यांच्यापुढे त्या वेळचे डॉक्टर रक्त काढणे आणि पारा देणे यापलीकडे फारसे काही करू शकत नसत. पैसा मात्र वारेमाप होता. खासगी व्यापारातून अल्पावधीत गबर झालेल्या माणसांनी जिवंतपणी जो डामडौल केला, तोच त्यांच्या वारसांनी कबरींवर केला. चार वर्षे नोकरी केलेल्या माणसावर रोमन सम्राटाला शोभेल असा घुमट चढवलेला इथे पाहायला मिळतो. हे काम संगमरवराचेही नाही. आत विटा, वर चुनेगच्चीचा गिलावा, आणि नाव कोरलेली एक शिळा. बंगालच्या पावसाने गिलावा सुटतो आणि फटींत पिंपळ रुजतो. डागडुजी कधी संपतच नाही.

वॉरन हेस्टिंग्जच्या कारभारातली भांडणे या आवारात शेजारी शेजारी निजली आहेत. १७७४ पासून गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात हेस्टिंग्जला धरून पाच जण होते. जनरल क्लेव्हरिंग, कर्नल मॉन्सन आणि फिलिप फ्रान्सिस हे तिघे त्याच्या विरोधात मत देत, तर रिचर्ड बारवेल त्याच्या बाजूने. महाराजा नंदकुमारांनी हेस्टिंग्जवर लाचखोरीचे आरोप केले ते याच काळात. पुढे खोट्या दस्तऐवजाच्या खटल्यात इंपे यांच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले आणि ऑगस्ट १७७५ मध्ये ते फाशी गेले. हेस्टिंग्जची कोंडी युक्तिवादाने फुटली नाही, हवेने फोडली. मॉन्सन १७७६ मध्ये आणि क्लेव्हरिंग १७७७ मध्ये मरण पावला. दोघेही इथेच आहेत. बारवेलची पत्नी एलिझाबेथ १७७८ मध्ये वारली. तिच्यावरचा पिरॅमिड इथल्या सर्वांत भव्य स्मारकांपैकी आहे. लग्नाआधी तिने आपल्या सोळा चाहत्यांना, एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू न देता, नाचाच्या समारंभाला एकाच रंगाचा पोशाख करून यायला सांगितले होते, असा किस्सा सांगतात.

भागलपूरचा कलेक्टर ऑगस्टस क्लीव्हलंड १७८४ मध्ये तिशीच्या आतच गेला. इंग्रजी नोंदींनुसार तो आजारपणात जहाजावर वारला. आदिवासींची परंपरा मात्र त्याच्या मृत्यूचे कारण आदिवासी बंडाचा नेता तिलका मांझी याचा बाण सांगते.

या सगळ्यांत उंच स्तंभ सर विल्यम जोन्स यांचा, आणि तो त्यांनाच शोभतो. १७८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून आलेल्या जोन्सनी पुढच्याच वर्षी जानेवारीत एशियाटिक सोसायटी स्थापन केली. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, हा विचार त्यांनी १७८६ च्या व्याख्यानात मांडला. तौलनिक भाषाशास्त्राला त्यातून मोठी चालना मिळाली. ‘शाकुंतला’चा त्यांचा अनुवाद १७८९ चा. २७ एप्रिल १७९४ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी ते वारले. पार्क स्ट्रीटच्या एका टोकाला त्यांची सोसायटी आणि दुसऱ्या टोकाकडे त्यांची कबर आहे.

शिवपूरच्या वनस्पती उद्यानाचा संस्थापक रॉबर्ट किड १७९३ मध्ये वारला. आपल्याला त्या बागेतच, कोणत्याही धर्मविधीविना पुरावे, अशी त्याची इच्छा होती. ती बाजूला ठेवून त्याला इथे आणण्यात आले. भारताचा पहिला सर्व्हेअर जनरल कॉलिन मॅकेंझी १८२१ मध्ये गेला. दक्षिण भारतभर मोजणी करताना त्याने आणि कावली बंधूंसारख्या त्याच्या साहाय्यकांनी हस्तलिखिते, कैफियती आणि शिलालेखांच्या नकला जमवल्या. त्या संग्रहात मराठी कागदपत्रेही आहेत.

मेजर जनरल चार्ल्स स्टुअर्टला लोक ‘हिंदू स्टुअर्ट’ म्हणत. हा आयरिश माणूस रोज गंगास्नान करी, घरी मूर्ती बाळगी आणि युरोपीय बायकांनी साडी नेसावी असे लिही. १८२८ मध्ये त्याचे दफन झाले ते मूर्तींसह, ख्रिस्ती भूमीत, पण मंदिराच्या घाटाच्या कबरीत. त्याच्या संग्रहातील बरीच शिल्पे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

रोझ एल्मर १८०० मध्ये विशीत वारली. अननस जास्त खाल्ल्याने ती गेली, असे तेव्हा बोलले गेले. वेल्समध्ये तिच्याशी ओळख झालेल्या वॉल्टर सॅव्हेज लँडरने तिच्यावर लिहिलेली छोटी कविता गाजली आणि पुढे ती कबरीवरही कोरली गेली.

बंगाली माणूस आवर्जून पाहतो ती कबर मात्र हेन्री डेरोझिओची. पोर्तुगीज वंशाचा अंश असलेला, कोलकात्यातच जन्मलेला हा कवी सतराव्या वर्षी हिंदू कॉलेजात शिकवू लागला. जातिभेद, रूढी, देवधर्म यांवर प्रश्न विचारायला त्याने विद्यार्थ्यांना मोकळीक दिली आणि त्यातून ‘यंग बेंगॉल’ ही तरुणांची फळी उभी राहिली. पालक खवळले. एप्रिल १८३१ मध्ये त्याला कॉलेज सोडावे लागले आणि त्याच वर्षी २६ डिसेंबरला पटकीने त्याचा बळी घेतला. वय अवघे २२. भारताला मायभूमी म्हणून संबोधणाऱ्या त्याच्या इंग्रजी कविता आजही अभ्यासल्या जातात.

१८३० च्या दशकानंतर इथली दफने जवळजवळ थांबली. रस्त्यापलीकडच्या नॉर्थ पार्क स्ट्रीट दफनभूमीत कादंबरीकार थॅकरेच्या वडिलांना पुरले होते. ती विसाव्या शतकात सपाट करून तिथे शाळा आणि रुग्णालय उभे राहिले. दक्षिणेकडची वाचली. उलट, १९८७ मध्ये तिच्यात एका पाहुण्या शिळेची भर पडली. चार्ल्स डिकन्सचा सैन्यात असलेला मुलगा वॉल्टर १८६३ मध्ये कोलकात्यात वारला होता. भवानीपूरच्या दफनभूमीतील त्याची शिळा जादवपूर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने इथे हलवण्यात आली. बंगाली वाचकांना ही जागा विशेष ओळखीची आहे ती सत्यजित राय यांच्या ‘गोरस्थाने सावधान’ या फेलुदा नावाच्या गुप्तहेराच्या कथेमुळे. आज दफनभूमीची व्यवस्था ख्रिश्चन बरिअल बोर्डाकडे असून ती लोकांना पाहता येते.