ब्रुकलिनचे एक वर्ष

न्यूयॉर्कचा ब्रुकलिन हा भाग एके काळी स्वतंत्र शहर होता. १८९८ च्या १ जानेवारीस तो न्यूयॉर्कमध्ये विलीन झाला, त्याचा निराळा महापौर गेला, आणि नदीपलीकडच्या मॅनहॅटनचे वैभव पाहून ब्रुकलिनकराला आपण थोरल्या घरातले आश्रित आहोत असे वाटू लागले. १८४१ साली निघालेले त्याचे 'ब्रुकलिन ईगल' हे दैनिकही १९५५ च्या जानेवारीत संप होऊन बंद पडले. ब्रुकलिनचे नाव देशभर मिरवणारी एक मोठी गोष्ट तेवढी शिल्लक राहिली, ती म्हणजे डॉजर्स हा बेसबॉलचा धंदेवाईक संघ. धंदेवाईक म्हणजे मालकाच्या मालकीचा, तिकिटांच्या उत्पन्नावर चालणारा आणि खेळाडूंना पगार देणारा. श्रोत्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

डॉजर्स म्हणजे चुकवणारे. रस्त्यांवरून विजेच्या ट्रामगाड्या धावू लागल्या तेव्हा त्यांना चुकवीत चालणाऱ्या ब्रुकलिनच्या रहिवाशांना थट्टेने पडलेले हे नाव संघाने अभिमानाने धारण केले.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. बाजूस नऊ खेळाडू आणि प्रत्येक बाजूचे नऊ डाव. तीन गडी बाद झाले की डाव संपतो. मैदानावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात. चेंडू टोलवून फलंदाजाने क्रमाक्रमाने त्या सर्वांना स्पर्श करीत मूळ जागी परतावे, म्हणजे एक धाव. आपल्या क्रिकेटमध्ये धावा शेकड्यांनी होतात. येथे दोन-चार धावांवर सामन्याचा निकाल लागतो. पिचर म्हणजे गोलंदाज. तो पुष्कळदा सबंध सामना एकटा ओढीत असे. त्या काळी सोळा संघ दोन संघटनांत विभागलेले होते, आणि त्या दोन संघटनांचे विजेते शरदऋतूत सात सामन्यांची मालिका खेळत. तिला त्यांनी 'जागतिक मालिका' असे नाव दिलेले आहे. उरलेल्या जगाला तिचे निमंत्रण नसे, ही गोष्ट अलाहिदा!

डॉजर्सनी ही मालिका सात वेळा गाठली होती: १९१६, १९२०, १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३. सातही वेळा ते हरले. त्यांपैकी शेवटचे पाचही पराभव यांकीज ह्या न्यूयॉर्कच्याच, परंतु नदीपलीकडच्या, श्रीमंत संघाकडून झालेले होते. दर हिवाळ्याच्या तोंडाशी ब्रुकलिनमध्ये एकच वाक्य ऐकू येई: पुढच्या वर्षी पाहू. प्रथम त्यात आशा असेल. पुढे पुढे ते स्वतःच्या दैन्याला हसण्याचे साधन झाले.

हा संघ आणखी एका कारणाने साऱ्या देशाच्या डोळ्यांत भरलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ह्या मोठ्या संघांत कृष्णवर्णीय खेळाडूस प्रवेश नव्हता. तसा नियम मात्र कोठेही लिहिलेला नव्हता. सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेल्या माणसास ठाऊक असते की लेखी नियम एका परिपत्रकाने बदलतो. अलिखित नियमाला हात कोठे घालावा हेच कळत नाही. डॉजर्सचे सूत्रधार ब्रँच रिकी यांनी तो घातला. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या एबेट्स फील्ड मैदानावर उतरला. त्याआधी त्याच्याच संघातील काही गोऱ्या खेळाडूंनी त्याच्याविरुद्ध अर्ज तयार केला होता. केंटकी ह्या दक्षिणेकडील राज्यात वाढलेल्या पी वी रीसने त्यावर सही करण्याचे नाकारले. पुढे रॉय कॅम्पानेला आला, डॉन न्यूकोम आला, जिम गिलियम आला, आणि क्यूबा बेटावरून सँडी अमोरोस आला. १९५५ पर्यंत हा मेळ जमला होता. पण वयही उतरत चालले होते. रॉबिन्सन छत्तीस वर्षांचा झाला होता आणि रीसही त्याच्याच बरोबरीचा होता.

त्या वर्षाचा आरंभ मोठा थाटाचा झाला. पहिले दहा सामने सलग जिंकले. पहिल्या चोविसांपैकी बावीस! ८ सप्टेंबरलाच त्यांचे अग्रस्थान निश्चित झाले. हंगामअखेर ९८ जय आणि ५५ पराजय. न्यूकोमने गोलंदाज म्हणून वीस सामने जिंकले व पाच गमावले, ड्यूक स्नायडरने ४२ वेळा चेंडू मैदानाबाहेर धाडला, आणि कॅम्पानेला त्या संघटनेचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. इतके सारे झाले तरी ब्रुकलिनकर जपूनच बोलत होता, कारण अंतिम मालिकेत समोर पुन्हा यांकीजच होते.

पहिले दोन सामने यांकीजच्या मैदानावर झाले आणि दोन्ही डॉजर्सनी गमावले. पहिल्यात रॉबिन्सनने गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटण्याच्या क्षणी धावत सुटून मूळ बेस गाठला आणि धाव चोरली. तो बाद होता असे यांकीजचा यष्टिरक्षक योगी बेरा पुढे आयुष्यभर सांगत राहिला. सात सामन्यांच्या मालिकेत पहिले दोन हरलेला संघ तोवर कधीच जिंकला नव्हता. तिसऱ्या सामन्यासाठी जॉनी पॉड्रेस ह्या तरुणाची योजना झाली. तो एका खाणकामगाराचा मुलगा. खांद्याच्या दुखण्याने त्रस्त. हंगामात नऊ सामने जिंकलेला आणि दहा हरलेला. त्या दिवशी त्याचा तेविसावा वाढदिवस होता. डॉजर्स ८-३ असे जिंकले. एबेट्स फील्डवरचे पुढचे दोन्ही सामने त्यांनीच जिंकले, सहावा यांकीजनी घेतला, आणि ४ ऑक्टोबरच्या निर्णायक सामन्यासाठी पुन्हा पॉड्रेसच्याच हाती चेंडू आला. रॉबिन्सन त्या दिवशी संघात नव्हता.

गिल हॉजेसच्या फलंदाजीवर डॉजर्सच्या दोन धावा झाल्या. सहाव्या डावात व्यवस्थापक वॉल्टर ऑल्स्टन यांनी जागांची थोडी अदलाबदल केली: गिलियमला आत दुसऱ्या बेसवर आणले आणि डाव्या सीमेकडे अमोरोसला पाठविले. लगेच यांकीजचे दोन गडी बेसवर पोचले आणि बेरा खेळावयास आला. बेरा डावरा, म्हणून अमोरोस मध्याकडे सरकून उभा होता. बेराचा टोला उंच उडाला तो नेमका डाव्या कुंपणाच्या कोपऱ्याकडे. दोघे सहज घरी येतील आणि बरोबरी होईल असे सर्वांस वाटले. अमोरोस लांबून धावत आला, कुंपणाशी उजवा हात पसरला, आणि त्या हातातल्या मोज्यात चेंडू अडकला. तो डावखुरा होता म्हणून त्याचा मोजा उजव्या हातात. मोजा डाव्या हातात घालणारा गिलियम तेथे असता तर तो झेल त्याच्या आवाक्याबाहेर गेला असता असेच जाणते म्हणत आले आहेत. अमोरोसने तो चेंडू रीसकडे फेकला, रीसने हॉजेसकडे, आणि पुढे धावत सुटलेला यांकीजचा गडी मागे परतण्यापूर्वीच बाद झाला. एका झेलात दोन गडी गेले.

पॉड्रेसने एकही धाव दिली नाही. अखेरचा चेंडू रीसकडून हॉजेसकडे गेला. २-०. दूरचित्रवाणीवर समालोचन करणाऱ्या विन स्कलीने ब्रुकलिन डॉजर्स जगज्जेते झाले असे एका वाक्यात सांगितले आणि तो गप्प झाला. आणखी एक शब्द उच्चारला असता तर रडूच कोसळले असते, असे त्याने मागाहून सांगितले. समालोचकाने मौन कधी पाळावे ह्याचा ह्याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. त्या रात्री ब्रुकलिनच्या रस्त्यांवर मोटारींचे भोंगे आणि घरांतली भांडी एकदमच वाजत होती.

आता सुरुवातीच्या त्या 'मालक' शब्दाकडे वळू. १९४७ साली ब्रुकलिनच्या मैदानावर सुमारे अठरा लाख प्रेक्षक आले होते. विजेतेपदाच्या १९५५ सालात दहा लाखांच्या थोडेच वर. त्याच वर्षी मिलवॉकीच्या नव्या मैदानावर वीस लाख लोक जमले. पुष्कळ जुने ब्रुकलिनकर उपनगरांत राहावयास गेले होते. त्यांना मोटारीने यावयाचे असे, आणि १९१३ सालच्या एबेट्स फील्डपाशी मोटारी उभ्या करावयास जागा नव्हती. मालक वॉल्टर ओमॅली यांना ब्रुकलिनमध्येच मोक्याची जमीन हवी होती. शहराच्या बांधकामांचे सर्वाधिकारी रॉबर्ट मोझेस यांनी ती देण्याचे नाकारून शेजारच्या क्वीन्समधील जागा सुचविली. दोष कोणाचा ह्यावर तेथे अजूनही वाद होतात. मला दोघेही आपापल्या हिशोबाने बरोबर वाटतात. ज्यांचा हिशोब कोणी मांडला नाही ते प्रेक्षक होते. ऑक्टोबर १९५७ मध्ये संघ लॉस एंजेलिसला जात असल्याचे जाहीर झाले, आणि १९६० साली एबेट्स फील्ड पाडून तेथे राहत्या इमारती उभ्या करण्यास प्रारंभ झाला.

तोवर रॉबिन्सन निवृत्त झाला होता, आणि १९५८ च्या जानेवारीतील मोटार अपघाताने कॅम्पानेला कायमचा चाकांच्या खुर्चीस खिळला होता. पॉड्रेस, हॉजेस आणि स्नायडर मात्र १९५९ साली लॉस एंजेलिसच्या वतीने पुन्हा विजेते झाले. मोझेस यांनी सुचविलेल्या क्वीन्समधील त्या भागात १९६४ साली मेट्स ह्या नव्या संघाचे मैदान उघडले, आणि १९६९ साली तो संघ विजेता झाला तेव्हा त्याचा व्यवस्थापक गिल हॉजेस होता.