राखीव जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे

गेल्या हिवाळ्यात एका विवाहासाठी आम्ही उभयता नांदुऱ्याहून एका मोठ्या शहरी गेलो होतो. पक्षाघातानंतर सौभाग्यवतींना चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागतो. मंगल कार्यालयाच्या प्रवेशद्वारालगत दिव्यांगांसाठी राखीव जागा आखलेली होती; तेथे एक आलिशान मोटार उभी होती. चौकीदार म्हणाला, "साहेब, पाहुण्यांची गाडी आहे. मी कसं सांगू?" पोलिसांना दूरध्वनी केला. उत्तर सौजन्यपूर्ण, पण स्पष्ट होते : "काका, रस्त्यावर असती तर उचलली असती. खासगी आवारात आम्ही काय करणार?" खडीवरून खुर्ची ढकलत मंडपात पोहोचलो, तोवर अक्षता पडून गेल्या होत्या.

मूळ कागद पाहिल्याशिवाय मत देऊ नये, ही बँकेतील सवय. म्हणून घरी येऊन कायदा वाचला. मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील धोकादायक रीतीने उभ्या केलेल्या किंवा बेवारस सोडलेल्या वाहनांविषयीची कलमे 122 व 127 'सार्वजनिक स्थाना'पुरती आहेत. म्हणजे जेथे जाण्याचा जनतेला हक्क आहे, अशी जागा. निवासी संकुलाचे बंद अंगण त्यात सहसा बसत नाही. ग्राहकांना खुले असलेले दुकानांचे आवार बसते की नाही, हा वादाचा मुद्दा. पोलिसांचा हात अडतो तो येथेच. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मात्र खासगी वाहनतळावरील अशा राखीव जागेतही दंड करता येतो.

तथापि आपल्याकडे मालकाची जबाबदारी सुटलेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 खासगी आस्थापनांनाही लागू आहे. कलम 89 अन्वये पहिल्या उल्लंघनास 10,000 रुपयांपर्यंत, पुढील उल्लंघनास 50,000 ते 5 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. राज्याच्या 2020 च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत, चाकांची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी प्रवेशद्वारापासून 30 मीटरच्या आत, किमान 3.60 मीटर रुंदीच्या दोन मोटारींच्या जागा सांगितल्या आहेत. ही रुंदी चैनीसाठी नाही. मोटारीचे दार पूर्ण उघडून शेजारी खुर्ची मांडता यावी, यासाठी आहे. सुगम्यतेचे किमान निकष केवळ शिफारसवजा न राहता बंधनकारक असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणात बजावले.

येथे एक कबुली द्यावयास हवी. मी शाखाधिकारी असताना आमच्या शाखेच्या उतारावर कर्मचाऱ्यांच्या दुचाकी उभ्या राहत. निवृत्तिवेतनासाठी कुबड्या घेऊन येणारे एक वृद्ध खातेदार बाजूच्या पायऱ्या चढत. मी ते रोज पाहत होतो. कधी खटकले नाही. त्या मोटारमालकाहून मी वेगळा नव्हतो.

आपल्या समाजात दुकाने, गोदामे, मंगल कार्यालये व धर्मशाळा यांचे मालक आणि विश्वस्त पुष्कळ आहेत. खासगी आवारात पोलिसांचा हात पोहोचत नसेल, तर तेथे आपलाच शब्द चालतो. म्हणून तीन गोष्टी कराव्यात : जागा ठळक आखून फलक लावावा, कार्यालयाच्या भाडेकरारात तिची अट घालावी, आणि पाहुणा कितीही प्रतिष्ठित असला तरी गाडी हलवावयास सांगण्याचा अधिकार चौकीदारास लेखी द्यावा. त्याने तो वापरला, तर मालकाने त्याच्या पाठीशी उभे राहावे. त्या दिवशी त्या चौकीदारापाशी नेमके तेवढेच नव्हते.