मनाच्या डॉक्टरांना प्रश्न विचारणारे डॉक्टर

होळीच्या सुमारास आपल्या बुलडाणा जिल्ह्यात सैलानीची यात्रा भरते. पिंपळगाव सराईजवळच्या या दर्ग्यावर हिंदू-मुसलमान सगळेच येतात. मन बिघडलेल्या माणसांना घेऊन त्यांचे नातेवाईकही येतात. लहानपणी अब्बांचं बोट धरून गेलो होतो, तेव्हा साखळीनं बांधलेला एक तरुण पाहिला. त्याच्याविषयी सगळे बोलत होते, त्याच्याशी मात्र कोणीच बोलत नव्हतं.

बी.ए.ला असताना नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवर एक पातळ इंग्रजी पुस्तक मिळालं. लंडनच्या फोंटाना प्रकाशनाची ‘मॉडर्न मास्टर्स’ नावाची माला होती. एकेका विचारवंताची थोडक्यात ओळख करून देणारी. तिच्यात डेव्हिड कॉट यांनी फ्रान्झ फॅननवर १९७० साली, तर एडगर फ्रीडनबर्ग यांनी आर. डी. लेंगवर १९७३ साली लिहिलं. माझ्या हाती लागला तो लेंग.

लेंग स्वतः मनोविकारतज्ज्ञ. १९६० सालच्या ‘द डिव्हायडेड सेल्फ’मध्ये त्यांनी म्हटलं, की ज्याला आपण वेड्याची बडबड म्हणतो, ती त्याच्या जगात शिरून ऐकली तर तिचा अर्थ लागतो. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या थॉमस सास यांनी ‘मानसिक आजार’ ही कल्पनाच मिथक ठरवली. जगण्यातल्या अडचणींना रोग म्हणायचं आणि त्या नावाखाली माणसाला कोंडायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. मला त्या साखळीतल्या तरुणाची आठवण झाली. वाटलं, बस, हेच खरं!

आता माझी चूक सांगतो. आमच्या ओळखीचे एक गुरुजी बरीच वर्षं गोळ्या घेत होते. मी मोठ्या उत्साहानं त्यांना ते पुस्तक दिलं. त्यांनी गोळ्या बंद केल्या. महिन्याभरात झोप उडाली आणि एका रात्री भावांनी त्यांना दोरीनं बांधून दवाखान्यात नेलं. बरे झाल्यावर म्हणाले, “भाई, पुस्तक खोटं नव्हतं. डॉक्टर माझ्याशी बोलतच नव्हते. पण गोळीही खोटी नव्हती.”

तेव्हापासून मी ही पुस्तकं जपून देतो. शंभर पानांत विचाराची धार कळते, त्याची मर्यादा नीट कळत नाही. सास यांचा विरोध सक्तीला होता. राजीखुशीनं कोणी उपचार घेतले तर त्यांची हरकत नव्हती. ‘अँटिसायकियाट्री’ म्हणजे मनोविकारशास्त्र-विरोध, हे लेबल लेंग आणि सास दोघांनीही नाकारलं. इटलीत फ्रान्को बसाल्या यांच्या चळवळीतून १९७८ साली वेड्यांची इस्पितळं बंद करण्याचा कायदा झाला. पण त्याबरोबर वस्तीतल्या उपचार केंद्रांची तरतूदही होती. नुसतं दार उघडून माणसाला रस्त्यावर सोडायचं नव्हतं.

फॅननचा अनुभव तर आपल्या फार जवळचा. १९५३ साली ते अल्जीरियात ब्लिदाच्या इस्पितळात रुजू झाले. फ्रान्सच्या धर्तीवर त्यांनी रुग्णांसाठी कार्यक्रम सुरू केले. युरोपीय बायकांना ते मानवले, मुसलमान पुरुष मात्र गप्पच राहिले. मग त्यांच्या ओळखीचं कॉफीचं दुकान आलं, सण साजरे झाले, गोष्टी सांगणारा आला, तेव्हा कुठे माणसं बोलू लागली.

हा विचार परदेशापुरता नाही. पुण्यात भार्गवी दावर यांनी १९९९ साली बापू ट्रस्ट सुरू केला आणि २०२४ मध्ये निधन होईपर्यंत सक्तीच्या उपचारांविरुद्ध लढा दिला. मधुरा लोहोकरे यांच्यासह २००९ साली लिहिलेल्या लेखात त्यांनी महाराष्ट्रातल्या दर्ग्यांकडे दुखावलेली माणसं सावरण्याची जागा म्हणूनही पाहिलं.

दर्ग्यावर जरूर जावं. दुवेनं धीर येतो. पण साखळी नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधायला मनाई केली आहे. ‘टेलिमानस’च्या १४४१६ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. गोळी कमी करायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच करावी. आणि डॉक्टर बोलत नसतील तर त्यांना बोलतं करावं.

ती पातळ पुस्तकं मी अजून वाचतो. उपचार कोणता घ्यावा, हे त्यांतून शिकायचं नसतं. समोरच्या माणसाला “तुला काय होतंय?” असं विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं, एवढं त्यांच्याकडून शिकावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)