परगावचे कापड, किनाऱ्याची नेसण

सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीत कापूस पिकत नाही. सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा पाऊस, जांभ्या दगडाची तांबडी जमीन आणि हवेतला कायमचा दमटपणा यांमुळे भात, नारळ, काजू आणि आंबा यांना हा मुलूख मानवला, पण कपाशीला मानवला नाही. आणि म्हणून पैठण, येवला, सोलापूर किंवा इचलकरंजी यांच्यासारखी विणकरांची मोठी पेठ मालवण, वेंगुर्ला वा देवगडच्या परिसरात कधी उभी राहिली नाही. येथील माणसाच्या अंगावरचे जवळजवळ प्रत्येक वस्त्र घाट उतरून किंवा समुद्रावरून आलेले असे. असे असूनही बाजारात मासळीची पाटी घेऊन बसलेली गाबीत स्त्री, शेतात लावणी करणारी कुणबी स्त्री आणि देवळात नैवेद्य घेऊन निघालेली गृहिणी या तिघी एकाच दुकानातले लुगडे नेसूनही दुरून वेगळ्या ओळखू येत. व्यक्तिगत वेशशैली, म्हणजे सर्वांना मिळणाऱ्या कापडातून एखाद्याने आपल्या कामाला, अंगाला आणि आवडीला धरून घडवलेली राहणी, या किनाऱ्यावर कापडाच्या किमतीत नव्हती. ते कापड अंगावर कसे घ्यायचे, या निर्णयात होती. आजचा फॅशन उद्योग नेमका हाच निर्णय वापरणाऱ्याच्या हातून काढून घेत असल्याने सिंधुदुर्गासारख्या, वस्त्र न विणणाऱ्या जिल्ह्याचा अनुभव या उद्योगाचा विचार करताना फार उपयोगी पडतो.

घाटावरून येणाऱ्या लुगड्यांत बेळगावजवळच्या शहापूरचा माल कोकणात आणि गोव्यात विशेष परिचित होता. तेव्हा सांगली संस्थानात मोडणाऱ्या या पेठेतील सुती लुगडी, तसेच त्यापलीकडच्या इलकल गावची, अंगाच्या ताण्याला पदराचा वेगळा ताणा जोडून विणलेली लुगडी, आधी रामघाटाने आणि पुढे आंबोलीच्या घाटरस्त्याने खाली उतरत. वेंगुर्ल्यात सतराव्या शतकात डचांनी वखार घातली होती आणि ब्रिटिश काळात बेळगावच्या छावणीला लागणारा माल याच बंदरातून वर चढत असे. मुरगाव बंदर लोहमार्गाने घाटमाथ्याशी जोडले गेल्यावर वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरत गेला, आणि मुंबईच्या गिरण्यांचे स्वस्त कापड आगबोटीने किनाऱ्यावर येऊ लागले.

नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचे, कोठेही न शिवलेले अखंड वस्त्र. त्याला परकर लागत नाही. कमरेभोवती गुंडाळून पुढे गाठ मारली, निऱ्या खोचल्या आणि दोन पायांमधून घेतलेला काष्टा मागे घट्ट बसवला की ते पक्के होते. मासळी उतरवायला पाण्यात शिरणारी स्त्री ते गुडघ्यापर्यंतच ठेवते, काष्टा ताणून घेते आणि पदर कमरेला आवळते, म्हणजे खारे पाणी काठाला लागत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात. भातलावणीच्या चिखलात तेच लुगडे आणखी वर जाते, आणि लग्नकार्यात घोट्यापर्यंत सोडले जाते. कनवटीला, म्हणजे कमरेच्या गुंडाळीत, दिवसभराचे पैसे राहतात. पदराच्या टोकाला किल्ली बांधली जाते. एकाच कापडातून स्त्रीने स्वतःच्या हाताने दिवसाला दोनतीन पोशाख घडवावेत, ही गोष्ट वस्त्रकलेच्या इतिहासात लहान मानता येणार नाही, आणि तिचा उल्लेख क्वचितच होतो याचे कारण ती करणाऱ्या स्त्रिया कष्टकरी होत्या. पुरुषांचा वेश याहून साधा होता. पंचा, सदरा, समुद्रावर किंवा शेतात कास्टी म्हणजे लंगोटी, आणि पावसात डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणारे, बांबूच्या कामट्या व पाने यांचे इरले, एवढ्यावर त्यांचे भागत असे.

कामाचे कपडे आणि चांगले कपडे हा भेद या भागात फार काटेकोरपणे पाळला जातो आणि त्यामागे निसर्ग आहे. काजूच्या बोंडाचा रस कापडावर पडला की सुरुवातीला जवळजवळ दिसत नाही, पण धुतल्यावर त्याचा काळपट तपकिरी डाग उमटतो आणि तो बहुधा निघत नाही. चिऱ्याच्या खाणीवरील धूळ पांढऱ्या सदऱ्याला कायमची तांबूस छटा देते. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडणाऱ्या हातांचा रंग बाह्यांवर उतरतो. म्हणून काजूच्या हंगामासाठी घरोघरी जुन्या कपड्यांचे वेगळे गाठोडे असते. नवे लुगडे सणाला नेसायचे, थोडे विटले की घरात, मग शेतात, त्यानंतर त्याची गोधडी शिवायची किंवा तान्ह्या मुलाची दुपटी करायची, आणि अगदी मऊ झालेला तुकडा सोलकढीसाठी नारळाचा रस पिळायला ठेवायचा, असा एका वस्त्राचा प्रवास वर्षानुवर्षे चाले. ज्याला आज चक्रीय अर्थव्यवस्था म्हटले जाते, म्हणजे वस्तू टाकून न देता तिला एका उपयोगातून दुसऱ्या उपयोगात नेत राहण्याची रीत, ती येथे कोणाला शिकवावी लागली नव्हती.

ज्या अलंकाराला फारसा पैसा लागत नाही तो फुलांचा, आणि त्यात वेंगुर्ला तालुक्यातील सुरंगीला तोड नाही. आसोली आणि सोन्सुरे या गावांच्या परिसरात हे उंच, सदाहरित वृक्ष आहेत. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात त्यांच्या जुन्या फांद्यांना थेट चिकटून कळ्यांचे घोस येतात. कळी उमलण्यापूर्वी काढावी लागते, त्यामुळे पहाटेच माणसे झाडावर चढतात आणि सकाळ सरण्याआधी घरातील स्त्रिया वळेसार, म्हणजे केसांत माळायचे सर, गुंफून बाजाराला पाठवतात. पांढऱ्या पाकळ्या आणि मधला पिवळा केसरगुच्छ असलेल्या या फुलाचा गंध सुकल्यावरही टिकतो. म्हणूनच सुकवलेल्या कळ्या व्यापारी वजनावर विकत घेतात आणि त्या सुगंधी द्रव्यांच्या उद्योगाकडे जातात. पूर्वीपासून रेशीम रंगवण्यासाठीही त्यांचा उपयोग होत आला आहे. मोठ्या शहरात कुपीतून विकल्या जाणाऱ्या सुगंधाच्या किमतीत झाडावर चढणाऱ्याचा आणि कळ्या वाळवणाऱ्या बाईचा वाटा किती, हा प्रश्न फॅशनच्या चर्चेत यायला हवा.

सिंधुदुर्गाने कापड विणले नाही, असे म्हणताना एक मोठा अपवाद नोंदवावा लागतो: ते या जिल्ह्याच्या माणसांनी मुंबईत विणले. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या मुंबईतील पहिल्या कापडगिरणीपासून पुढे शतकभर गिरणगावाला मनुष्यबळ पुरवणाऱ्या प्रदेशांत तेव्हाचा अखंड रत्नागिरी जिल्हा अग्रभागी होता. मालवण, कणकवली, सावंतवाडीकडचे चाकरमानी साचाखात्यात, म्हणजे मागांवर, आणि वाइंडिंगखात्यात, म्हणजे सूत गुंडाळण्यावर, राबले, आणि गणेशचतुर्थीला घरी येताना कापडाचा तागा घेऊन आले. त्याच ताग्यातून घरातल्या सगळ्या मुलांना गावचा शिंपी सारखे सदरे शिवून देई. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्यानंतर नऊ महिने पुरे होण्याआधी, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा हा संप अधिकृतपणे कधी मिटला नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि मनिऑर्डरीवर चालणाऱ्या कोकणातील असंख्य घरांची चूल त्याबरोबर मंदावली. पुढे लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात मॉल उभा राहिला आणि झारासारख्या परदेशी नाममुद्रांचे कपडे तेथे विकले जाऊ लागले. ज्या जागेवर कोकणी कामगार कापड तयार करत होता, त्या जागेवर आता त्याची नातवंडे फार तर विक्रेते किंवा ग्राहक म्हणून जाऊ शकतात, हे या उद्योगाचे सर्वांत बोलके आणि सर्वांत दुःखद स्थित्यंतर आहे.

झाराचा उगमही एका किनाऱ्यावरच झाला. स्पेनच्या वायव्येकडील गॅलिसिया हा मासेमारीवर जगणारा प्रांत. तेथील आ कोरुन्या शहरात अमान्सिओ ओर्तेगा यांनी १९७५ मध्ये पहिले दुकान उघडले आणि कपडे शिवण्याचे काम आसपासच्या गावांतील स्त्रियांच्या शिवणगटांकडे सोपवले. नवा नमुना कल्पनेतून दुकानात काही आठवड्यांत पोहोचवायचा, थोडा माल काढायचा आणि लगेच पुढचा नमुना आणायचा, या पद्धतीला पुढे वेगवान फॅशन असे नाव मिळाले. वेग वाढला तसे जगभरच्या असंख्य कंपन्यांचे शिवणकाम स्वस्त मजुरीच्या देशांकडे सरकले, आणि २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशातील ढाक्याजवळ राणा प्लाझा ही शिवणकारखान्यांची इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा त्या वेगाची किंमत कोण मोजत होते हे जगाला दिसले. आज जगात तयार होणाऱ्या एकूण तंतूंपैकी निम्म्याहून अधिक वाटा पॉलिएस्टरचा आहे. हे खनिज तेलापासून बनणारे कापड धुतले जाताना त्यातून सूक्ष्म प्लॅस्टिकचे धागे सुटतात आणि सांडपाण्यावाटे समुद्राला मिळतात. मासळीवर जगणाऱ्या किनाऱ्याला या प्रश्नाकडे पाठ फिरवता येणार नाही.

वस्तू कोणाच्या हातून घडते, हा प्रश्न सिंधुदुर्गात फार आधी कृतीने विचारला गेला होता. कोकणगांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९४८ मध्ये कणकवलीजवळ वागदे येथे गोपुरी आश्रम स्थापन केला. मेलेली जनावरे सोलण्याचे आणि कातडे कमावण्याचे काम ज्या जातींवर लादून त्यांना अस्पृश्य ठरवले गेले होते, ते काम त्यांनी स्वतः हाती घेतले. पायांत वहाणा मिरवायच्या आणि त्यासाठी राबणाऱ्या हातांना दूर ठेवायचे, या वर्तनातली विसंगती यापेक्षा थेट रीतीने दाखवणे कठीण होते. वस्त्रप्रावरणांच्या नीतीवर आज जी चर्चा होते, तिला मराठीतले हे भक्कम पूर्वसूत्र आहे.

आजच्या मालवणात वेशाचे दृश्य पुष्कळ बदललेले आहे. मच्छीमार तरुण अर्धी विजार आणि फुटबॉलच्या जर्सीत बोटीवर दिसतो, आणि ते योग्यही आहे, कारण खाऱ्या पाण्यात लवकर वाळणारे कापड त्याला सोयीचे पडते. पंजाबी ड्रेस आणि गाऊन यांनी स्त्रियांच्या हालचाली सोप्या केल्या. जुन्याच्या मोहापायी त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. खरी हानी शिवलेल्या नऊवारीत आहे. निऱ्या, काष्टा आणि पदर यंत्रावर कायमचे टाचून विजारीप्रमाणे पायांत चढवायचा हा पोशाख सणासमारंभासाठी सर्वत्र मिळतो. तो वेळ वाचवतो, पण सव्वाआठ मीटर कापडातील सगळ्या शक्यता मिटवून त्यांतली एकच, बहुधा शहरी लग्नातली, शिल्लक ठेवतो. गुडघ्यापर्यंतची गाबीत नेसण त्यात नसते, कनवट नसते, उंची कमीजास्त करण्याची मुभा नसते, आणि त्या कापडाची पुढे गोधडीही धडपणे होत नाही.

शेजारच्या गोव्याने याबाबत एक मार्ग दाखवला आहे. कोलवाळ येथे राहणारे वेशरचनाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी तांबड्या चौकड्यांच्या, आखूड नेसल्या जाणाऱ्या आणि खांद्यावर गाठ मारून बसवल्या जाणाऱ्या कुणबी साडीचे हातमागावर पुनरुज्जीवन केले आणि २०१० च्या सुमारास ती फॅशनच्या मंचावर आणली. गोव्याच्या वेशाचा इतिहास सांगणारे ‘मोडा गोवा’ हे पुस्तकही त्यांनी २०१२ मध्ये लिहिले. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. श्रमिक स्त्रीचे वस्त्र श्रीमंतांच्या कपाटात गेल्यावर त्याचा अर्थ बदलतो, हा आक्षेप रास्त असला तरी रॉड्रिक्स यांनी आधी नोंद केली, जुने नमुने शोधले आणि मग रचना केली, हा क्रम महत्त्वाचा आहे. सिंधुदुर्गात विणकर नसल्यामुळे माग पुन्हा उभा करण्याचा प्रश्न नाही. जपायची आहे ती नेसण, आणि ती फक्त माणसांच्या हातांत असते.

ती ज्या हातांत आजही रोजच्या सरावाची आहे, ते हात दशावतारी कलावंतांचे आहेत. जत्रांच्या दिवसांत रात्रीमागून रात्र देवळांसमोर उभ्या राहणाऱ्या या नाटकात स्त्रीपार्टी, म्हणजे स्त्रीभूमिका करणारा पुरुष, स्वतःच चेहरा रंगवतो आणि स्वतःच लुगडे नेसतो. वेशभूषाकार असा वेगळा माणूस मंडळात नसतो. पेटाऱ्यातून कपडा निघतो, एका हाताने निऱ्या पडतात, काष्टा एकाच ओढीत बसतो, आणि रात्रभर उठबस, नृत्य, युद्ध करूनही तो सुटत नाही. राणी, दासी आणि ऋषिपत्नी यांच्यासाठी पदराची आणि उंचीची ठेवण बदलते, आणि प्रेक्षकाला पात्र तोंड उघडण्यापूर्वीच कळते. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिवणकाम शिकवले जाते. त्या वर्गांत एखादा स्त्रीपार्टी कलावंत आणि मालवणच्या मासळीबाजारातील एखादी ज्येष्ठ स्त्री यांना मानधन देऊन बोलावणे, आठही तालुक्यांतील नेसणींचे टप्प्याटप्प्याने चित्रण करून ठेवणे, आणि शिवलेली नऊवारी विकणाऱ्या दुकानांतच ती नेसायला शिकवणारी एक बाई बसवणे, यांतले काहीच खर्चिक नाही. फक्त ते मासळीबाजारातल्या आजच्या ज्येष्ठ पिढीच्या हयातीत व्हायला हवे.