‘रमा’ला किती बाइट लागतात?

सी भाषेत हजार नावांसाठी प्रत्येकी १०० बाइटचा अ‍ॅरे जाहीर केला, की १,००,००० बाइट राखून ठेवले जातात, मग नावे दहाच का येईनात. ‘मॅलॉक’ने नावापुरतीच जागा मागता येते. यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, अगदी काना-मात्रेलाही, ३ बाइट लागतात. म्हणजे ‘रमा’चे ९ आणि शेवटच्या शून्याचा १, एकूण १०. (हा एक विसरणे ही सीवाल्यांची जुनी खोड.)

पण ६४-बिट लिनक्सवरची नेहमीची जीलिबसी लायब्ररी ३२ बाइटपेक्षा लहान तुकडा देतच नाही. वर पॉइंटरचे ८. दहा बाइटांच्या नावाला ४० गेले! शंभरापेक्षा बरे, तरी आखूड नावांच्या यादीला ही उधळपट्टीच. त्यापेक्षा सगळी नावे एकाच मोठ्या तुकड्यात ओळीने लिहावीत आणि पॉइंटरऐवजी, नाव कितव्या बाइटपासून सुरू होते तो ४ बाइटचा आकडा ठेवावा. ‘रमा’ १४ बाइटांत मावते. तुकडा भरला की ‘रीअलॉक’ने दुप्पट करायचा, शेवटी उरलेली जागा परत करायची. वाढताना तुकडा दुसरीकडे हलू शकतो. तेव्हा जुने पॉइंटर निकामी होतात, आकडे मात्र तेच चालतात.