हिरवा दिवा पेटतो, पण क्लोरीन कुठे जाते?

टिटवाळा, प्रतिनिधी – महागणपतीचे मंदिर आणि अंगारकीची गर्दी ही टिटवाळ्याची जुनी ओळख. कल्याण-कसारा मार्गावरील या गावाभोवती आता बंगले आणि गृहसंकुलेही उभी राहिली आहेत आणि त्यांतील काहींच्या जाहिरातीत तरण तलाव हा हमखास उल्लेख असतो. तलाव ‘मिठाच्या पाण्याचा’ असेल तर विक्रेता तो विशेष अभिमानाने दाखवतो. डोळे चुरचुरत नाहीत, क्लोरीनचे डबे वाहून आणावे लागत नाहीत, सारे काही यंत्रच करते, असे सांगितले जाते. अडचण सुरू होते ती दोन-तीन वर्षांनी. यंत्रावरचा हिरवा दिवा पेटलेला असतो, पंप घरघरत असतो आणि शनिवारी सकाळी मुले पोहायला येतात तेव्हा पाणी मात्र किंचित हिरवट आणि बुळबुळीत झालेले असते. क्लोरीन नसलेल्या पाण्यात पोट आणि कानाचे विकार पसरायला फारसा वेळ लागत नाही. त्यामुळे हा बिघाड केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

यंत्राचे काम समजले तर बिघाड शोधणे बरेच सोपे होते. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते, तर अशा तलावात केवळ तीन ते चार ग्रॅम. हे पाणी ‘सेल’ नावाच्या नळकांड्यातील टायटॅनियमच्या पट्ट्यांमधून जाते. पट्ट्यांवर रुथेनियम आणि इरिडियमच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो. १९६०च्या दशकात हेन्री बीअर यांनी पुढे आणलेल्या या लेपामुळेच पट्ट्या वीजप्रवाहात लगेच झिजत नाहीत. वीज वाहू लागली की एका बाजूस क्लोरीन तयार होतो, दुसऱ्या बाजूस हायड्रोजन वायू. क्लोरीन पाण्यात विरघळून जंतू मारतो आणि काम झाल्यावर बहुतांशी पुन्हा मिठाच्या रूपात परततो. म्हणजे मीठ ‘संपत’ नाही. ते कमी होते ते फिल्टरच्या बॅकवॉशमधून, अंगाबरोबर बाहेर गेलेल्या पाण्यातून आणि पावसात तलाव वाहू लागल्यामुळे.

यंत्राला दोष देण्यापूर्वी पाणी तपासावे. त्यासाठी थेंब टाकल्यावर पिवळा रंग देणारी स्वस्त चाचणी अपुरी पडते, कारण ती मुक्त आणि संयुक्त असा सगळाच क्लोरीन एकत्र दाखवते. गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी मुक्त क्लोरीन वेगळा सांगते. तो दर लिटरमागे एक ते तीन मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.८ या दरम्यान असावा. मिठाच्या तलावात पीएच आपोआप वर सरकत राहतो आणि आठच्या पुढे गेला की असलेला क्लोरीनही मंदावतो. उघड्या तलावाला आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे एप्रिल-मेचे ऊन. सायन्युरिक आम्ल अर्थात ‘स्टॅबिलायझर’ नसेल तर दिवसभरात बनलेला क्लोरीन काही तासांतच उन्हात नष्ट होतो. अशा वेळी यंत्र निर्दोष असते आणि तरीही मेकॅनिकला बोलावले जाते.

यानंतर थोडे गणित. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलावात ७० हजार लिटर पाणी मावते. त्यात दोन मिलिग्रॅमची पातळी आणायला १४० ग्रॅम क्लोरीन लागतो. ताशी २० ग्रॅम क्लोरीन देणारा सेल पूर्ण क्षमतेने चालला तरी त्याला सात तास लागतील. वीजबिल वाचवण्यासाठी पंप दिवसाला तीनच तास चालवणाऱ्या सोसायटीत क्लोरीन टिकेल कसा? सेल पंपाबरोबरच चालतो, ही साधी गोष्ट अनेकदा विसरली जाते.

खरा घोळ होतो तो ‘मीठ कमी’ या दिव्यापाशी. बहुतेक यंत्रे मीठ थेट मोजत नाहीत. ठरावीक दाबाची वीज दिली असता पट्ट्यांमधून किती प्रवाह वाहतो, यावरून ती अंदाज बांधतात. पट्ट्यांवर चुन्याचा थर बसला, लेप झिजला किंवा जोडणीला गंज चढला तरी प्रवाह घटतो आणि यंत्र ‘मीठ कमी’ असेच सांगते. दिवा पाहून तलावात गोणी रिकामी केली जाते, दिवा विझत नाही, मग दुसरी गोणी. पुढे खरोखर चांगला सेल बसवला की प्रवाह मर्यादेबाहेर जाऊन यंत्र बंद पडते आणि खारे पाणी शिडी व पंपाच्या धातूला खाऊ लागते. तेव्हा मीठ आधी वेगळ्या मीटरने किंवा चाचणीपट्टीने मोजावे आणि मगच टाकावे.

पावसाळ्यानंतर मात्र हा दिवा बहुधा खरे बोलतो. या पट्ट्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. वरच्या तलावाच्या ५० चौरस मीटर पृष्ठभागावर म्हणजे सव्वा लाख लिटर पाणी, तलावाच्या स्वतःच्या पाण्यापेक्षाही जास्त! ऑक्टोबरमध्ये लिटरला समजा १.२ ग्रॅम मीठ उरले असेल, तर ते ३.२ ग्रॅमवर आणायला १४० किलो मीठ हवे, म्हणजे ५० किलोच्या जवळजवळ तीन गोणी. मिठागरातले मातकट खडे मीठ स्वस्त पडते, पण त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पुढे पट्ट्यांवरच जाऊन बसतात. शुद्ध, आयोडीनविरहित मीठ घ्यावे, ते पंप चालू ठेवून पाण्यात टाकावे आणि एक दिवस थांबून पुन्हा मोजावे.

मीठ बरोबर निघाले तर सेल उघडून पाहावा. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी वापरणाऱ्या तलावांत हा थर लवकर बसतो. हायड्रोजन सुटणाऱ्या पट्टीजवळ पाणी अल्कधर्मी होते आणि कॅल्शियम तिथेच पांढऱ्या कवचासारखा जमतो. बरीच यंत्रे ठरावीक तासांनी विजेची दिशा उलटवून हे कवच पाडतात, पण जड पाण्यापुढे तेही थकतात. सफाईपूर्वी मुख्य वीज बंद करावी. चार भाग पाण्यात एक भाग हायड्रोक्लोरिक आम्ल ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. दहा-पंधरा मिनिटांत बुडबुडे थांबतात. स्क्रू ड्रायव्हरने खरवडले तर थराबरोबर लेपही निघतो आणि सेल कायमचा जातो. पंपाच्या खोलीत ब्लीचिंग पावडरचा डबा शेजारी असतो. आम्ल आणि ती पावडर एकत्र आली की विषारी क्लोरीन वायू सुटतो, म्हणून हे काम मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून करावे.

स्वच्छ पट्ट्या आणि योग्य मीठ असूनही विजेच्या दोन्ही दिशांना प्रवाह कमीच असेल, तर लेप संपला असे समजावे. सेलचे आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षे. एकाच दिशेला प्रवाह बरोबर आणि दुसऱ्या दिशेला शून्य असेल तर नियंत्रण पेटीतील रिलेकडे पाहावे. दोन्हीकडे शून्य असेल तर आधी फ्यूज, मग सर्किट बोर्ड. या पेटीत उबेला आलेली पाल किंवा मुंग्यांचे वारूळ सापडणे ही आपल्याकडची खास बाब, ती परदेशी माहितीपुस्तिकेत नसते. पेटी थेट उन्हात असेल तर दुपारी तापून बंद पडते आणि संध्याकाळी मेकॅनिक येईपर्यंत मुकाट चालू झालेली असते.

‘पाणी वाहत नाही’ असा इशारा आला तर पंपाची जाळी पानांनी भरली आहे का, फिल्टरला बॅकवॉश हवा आहे का, हे पाहावे. इशारा तरीही जात नसेल तर काही कारागीर फ्लो स्विचच्या दोन तारा जोडून तो ‘डायरेक्ट’ करून देतात. ग्राहक खूश होतो. पण पंप थांबल्यावरही सेल चालू राहिला तर हायड्रोजन वाहून न जाता नळकांड्यात साचतो आणि एका ठिणगीने त्याचा स्फोट होऊ शकतो. दुरुस्ती आटोपल्यावर पंप बंद करून यंत्र आपोआप थांबते का, हे कारागिरासमोरच पाहून घ्यावे.

दुरुस्ती होईपर्यंत तलाव बंद ठेवणे बरे. तो चालूच ठेवायचा झाला तर सायंकाळी हाताने द्रवरूप क्लोरीन टाकावा आणि सकाळी पुन्हा चाचणी घ्यावी. आकडा एकच्या खाली असेल तर मुलांना पाण्यात उतरू देऊ नये.