डॉक्टरांना विचारा, डॉक्टरांना सांगा

मढहून मोठ्या दवाखान्यात जायचे म्हणजे मालाडपर्यंत बस, नाहीतर वेसाव्याची होडी. रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा ठरलेला. एवढे करून डॉक्टरांसमोर अनेकदा दोन मिनिटे मिळतात. गोळ्या किती दिवसांच्या, त्यांनी काय होईल, हे ते सांगत नाहीत आणि आपणही विचारत नाही. मग उरलेले शेजारीपाजारी सांगतात. त्यातून नको तिथे भीती आणि नको तिथे बेफिकिरी येते.

क्षयरोगाचे उदाहरण घ्या. त्याच्या औषधांतील रिफाम्पिसिनमुळे लघवी लालसर-केशरी होते. त्यात धोका नाही. पण आधी सांगितले नसेल तर रोग्याला वाटते, रक्तच जाते आहे. आणि तो गोळ्या बंद करतो. उलट डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या होऊ लागल्या, तर लिव्हरला इजा होत असल्याचा तो इशारा असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठला पाहिजे. पण माणूस जातो कावीळ उतरवून घ्यायला!

महिना-दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, माणूस कामावर जातो. त्याला वाटते, बरा झालो. पण काही जंतू शरीरात दबा धरून असतात, म्हणून साध्या क्षयाचा उपचार सहसा सहा महिन्यांचा असतो. मध्येच सोडल्यास औषधांना दाद न देणारा क्षय होऊ शकतो आणि तो घरातल्या लेकरांनाही लागू शकतो. ‘सहा महिने घ्या’ एवढा हुकूम पुरत नाही. का घ्यायचे, तेही सांगावे लागते.

नुसत्या हुकुमाने काय होते, ते मुंबईने १८९६ साली पाहिले. प्लेगच्या साथीत समजावण्यापेक्षा सक्तीवर भर होता. इस्पितळात माणसे मारतात, अशा अफवा उठल्या. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. लोक रोगी लपवू लागले. त्याच साथीत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले स्वतः रोग्यांच्या दारी गेल्या आणि त्यांना डॉ. यशवंतच्या दवाखान्यात आणत राहिल्या. त्या सेवेतच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोग तोच, पण एकीकडे दारात शिपाई आला, दुसरीकडे माय आली.

तथागतांनी दोन्ही बाजूंचे कर्तव्य सांगितले आहे. विनयपिटकातील महावग्गानुसार चांगला रोगी औषध घेतो आणि दुखणे आहे तसे सांगतो. चांगला सेवक लोभाने नव्हे, मैत्रीभावनेने सेवा करतो आणि बोलून धीर देतो. तेव्हा दारू, मध्येच सोडलेले औषध, वैदूचा काढा, गरोदरपण यांतले काहीही डॉक्टरांपासून लपवू नका.

विचारणे हा आपला हक्कही आहे. १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय रोग्याला सांगूनच डॉक्टरांनी संमती घ्यावी.

पुढच्या खेपेला चार प्रश्न कागदावर लिहून न्या. मला काय झाले आहे? औषध किती दिवस घ्यायचे? त्याने काय त्रास होईल? कोणता त्रास झाला तर लगेच यायचे? वाचता येत नसेल तर शाळेत जाणारी लेक बरोबर न्या. विहारातल्या तरुणांनी वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांसोबत आळीपाळीने जावे.

बाबासाहेबांनी आपल्याला मान वर करून बोलायला शिकवले. दवाखान्याच्या दारात ती मान खाली जाता कामा नये.